रक्तातली दगडाची खूण

माणसाच्या शरीरातलं एक नवं प्रोटीन आपल्याला सापडलंय, ही बातमी पद्मावन्संनी घरात सांगितली ती जेवताना, आमटी वाढून घेता घेता. माझा नवरा अभिराम त्यांचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "अरे वा, ताई! मग आता पुढे?"

"पुढे काय," वन्सं म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं, आता मला माहीत आहे." आणि त्या भात कालवायला लागल्या.

पुण्याच्या माझ्या मैत्रिणी 'वन्सं' या शब्दाला हसतात. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुन्या मराठी घरांत, तो अजून चालतो. पद्मा मुळे म्हणजे माझी नणंद. शाळा इथल्या गोरखी वाड्यातली, पुढचं शिक्षण पुण्याचं, मग बंगळुरूला संशोधन. परदेशी जायचं पक्कं झालं होतं, तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या चार महिन्यांसाठी म्हणून ग्वाल्हेरला आल्या. वडील पुढे पुष्कळ वर्षं अंथरुणावर होते. वन्संनी शहरातल्या हजीरा भागातल्या एका खासगी कॉलेजात नोकरी धरली आणि तिथल्या मागच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. सुरुवातीला तिथे एक फ्रिज आणि दोन टेबलं होती. सरकारी अनुदानातून चांगला मायक्रोस्कोप यायला अर्धी नोकरी संपली. "इथे राहून तुझं वाया गेलं गं," असं लग्नकार्यात बायका त्यांना म्हणायच्या. त्या हसून दुसरा विषय काढायच्या.

त्यांचा जीव अडकला होता तो फुप्फुसातल्या एका जातीच्या पेशींत. श्वासाबरोबर आत आलेला जंतू, धूर, धूळ, जे दिसेल ते या पेशी गिळतात. गिळलेलं आतल्या एका इवल्या पिशवीत टाकतात आणि तिथे आम्लात जिरवतात. "अंतरा, तू आत्ता चहा पितेयस ना," वन्सं मला म्हणायच्या, "तेवढ्यात तुझ्या छातीत लाखो जणी कामाला लागल्यात. तुला पत्तासुद्धा नाही. काय कमाल आहे बघ!" बोलताना त्यांचा चेहरा देवळातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसासारखा व्हायचा. मी शाळेत भूगोल शिकवते. मला त्यातलं थोडंच कळायचं, पण तो चेहरा बघायला मी चहा जास्त वेळ पुरवायची.

नवं प्रोटीन याच पेशींत सापडलं होतं. त्याची कृती माणसाच्या जनुकांत लिहिलेली आहे हे जगाला ठाऊक होतं. पण शरीर ती कृती कधी करून बघतं, कशासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. वन्संनी ते प्रोटीन प्रत्यक्ष पकडलं, वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं जी-नऊ. जी ग्वाल्हेरचा.

कॉलेजनं सांगितलं, पेटंट घ्या. त्यासाठी आम्ही विक्रमसिंह महाडिकांकडे गेलो. यांचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. हे रसायनशास्त्र शिकले, दिल्लीत पेटंटचं काम करून परत आले आणि दाल बाज़ारात एका ठोक व्यापाऱ्याच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. खाली हातगाड्या, पोती, हमालांचा ओरडा. वर पंख्याखाली हे.

"पद्माताई, वाचलं सगळं," ते म्हणाले. "आता मला एक सांगा. याचा उपयोग काय?"

वन्संना प्रश्नच कळला नाही. "उपयोग? अहो, पहिला माणूस जन्मला तेव्हापासून हे आपल्या आत आहे. आणि आजवर कुणी पाहिलं नव्हतं."

"मान्य. माझ्या अंगावर काटा आला वाचताना. पण काट्याला पेटंट मिळत नाही, ताई. निसर्गात जे आहे ते सापडलं म्हणून कुणाच्या नावावर होत नाही. प्रोटीन तुमचं होणारच नाही. त्याच्या आधारानं तुम्ही काही बनवलंत, आणि ते खरंच कामाचं आहे हे दाखवलंत, तर त्याचं बघता येईल."

"मी लिहिलंय की शेवटच्या पानावर. दमा, संधिवात, क्षय, कॅन्सर..."

"इतके लिहिलेत म्हणूनच एकही धरता येत नाही. रोगप्रतिकारशक्तीचं प्रोटीन आहे म्हणून रोगावर उपयोगी पडेल, हे कुठल्याही प्रोटीनबद्दल म्हणता येतं. मी तर म्हणेन, म्हशीच्या चाऱ्यात मिसळा, पौष्टिक आहे. खोटं आहे का? पण त्यासाठी जी-नऊ कशाला, खाली डाळीच्या चुनीची पोती पडलीत की!"

मला हसू आलं. वन्सं हसल्या नाहीत. "मग काय हवं तुम्हाला?"

विक्रमसिंह खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज मऊ झाला. "उपयोग याचाच हवा, जो दुसऱ्या कुठल्या प्रोटीनचा नाही. आज हातात घेऊन वापरता येईल असा हवा. आणखी संशोधन केलं की कळेल, असा नको. आणि जाणकारानं वाचला की त्याला पटला पाहिजे. एकच असू दे, लेकिन पक्का." आत्ता कच्चा अर्ज भरून आधी कोण याची तारीख पदरात पाडू, पुरा अर्ज द्यायला वर्ष मिळतं, तेवढ्यात शोधा, असं त्यांनी सुचवलं.

परत येताना वन्सं स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "आधी वाटलं, माझा अपमान केला त्यानं. पण बरोबर बोलला गं. ते तिथे आहे एवढंच मला कळलंय. का आहे, हे मी विचारलंच नाही."

त्यांचा पहिला अंदाज क्षयाचा होता. इथे क्षयाचे रुग्ण पुष्कळ. क्षयाच्या जंतूला याच पेशी गिळतात, तेव्हा त्या आजारात जी-नऊ वाढत असणार, असं त्यांनी धरलं. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण लीलाताई सरकारी रुग्णालयात छातीच्या डॉक्टर होत्या. रीतसर परवानग्या घेऊन, रुग्णांना विचारून, लीलाताईंनी क्षयाचे उपचार चालू असलेल्यांच्या रक्ताचे नमुने दिले. वन्संनी तपासणी केली आणि घरी येऊन पर्स सोफ्यावर टाकली.

"गेलं," त्या म्हणाल्या. "बहुतेकांच्या रक्तात जी-नऊचा मागमूस नाही. आणि थोड्या जणांत इतकं, की यंत्राची मोजायची हद्द संपते. याला काही अर्थ आहे का? क्षय तर सगळ्यांनाच आहे."

अभिराम म्हणाला, "ताई, ते थोडे जण कोण आहेत?"

त्यानं सहज विचारलं होतं. वन्संनी तिथेच लीलाताईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी लीलाताई स्वतः घरी आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पद्मा, ते सगळे खदानीतले आहेत," त्या म्हणाल्या. "शिवपुरीच्या रस्त्याला ज्या दगडाच्या खदानी आहेत ना, तिथले. कुणी दगड फोडतो, कुणी मशीनवर फरशी कापतो. वयं वेगळी, गावं वेगळी, काम तेच. आणि आणखी एक. यांच्यातल्या बहुतेकांच्या थुंकीत क्षयाचा जंतू कधी सापडलाच नव्हता. छातीच्या फोटोवरून औषधं चालू झाली होती. दगडाची धूळ फुप्फुसात बसली की फोटोत असेच डाग दिसतात. इथे क्षय इतका, की आमचं पहिलं बोट तिकडेच जातं."

वन्सं उभ्याच होत्या. "म्हणजे ते जंतूसाठी नाहीच आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "लीला, ते दगडासाठी आहे."

पुढचे काही आठवडे त्या घरी फक्त झोपायला येत होत्या. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "शाळा सुटली का? तशीच इकडे ये."

मी गेले तेव्हा खोलीत पडदे ओढलेले होते. त्यांनी खदानीतला दगड पिठाहून बारीक दळून जिवंत पेशींना दिला होता आणि जी-नऊला हिरवं चमकणारं रंगद्रव्य जोडलं होतं. "काही बोलू नकोस, नुसती बघ," म्हणाल्या.

मी डोळा लावला. काळोखात एक पेशी होती, पाण्यात सोडलेल्या तेलाच्या थेंबासारखी हलणारी. तिच्या पोटात दगडाचा एक कण, धारदार, एखाद्या काचेच्या कपच्यासारखा. तिनं तो गिळला होता. जिरवायचा प्रयत्न चालला होता. दगड कुठला जिरतो! वन्संनी माझ्या कानाशी सांगितलं, "आता आतली पिशवी फाटेल." आणि ती फाटली असणार, कारण पेशीभर विखुरलेले हिरवे ठिपके एकदम त्या एका जागेकडे धावले. मी धावले म्हणते, कारण दुसरा शब्द नाही. हिरवी कड उमटली, जाड झाली, फाटलेल्या जागेभोवती फिरली. कुणीतरी आतून ठिगळ लावत होतं.

"शिवतंय," मी म्हटलं.

"शिवतंय," वन्सं म्हणाल्या. "जंतू पाडतात ती भोकं लहान असतात, त्यांना पेशीकडे दुसरा इलाज आहे. दगड मोठं फाडतो. तेव्हाच हे येतं. आणि बघ आता."

ठिगळ टिकलं नाही. कणानं ते पुन्हा फाडलं. पेशी थरथरली, सुरकुतली, फुटली, आणि ते हिरवं सगळं बाहेर सांडलं. तोच कण आता मोकळा पडला होता. थोड्या वेळानं शेजारची पेशी सरकत आली आणि तिनं तो गिळला.

मी डोळा काढला. एकीमागून एक, एकीमागून एक, वर्षानुवर्षं, त्या माणसाच्या छातीत हे चालू असतं आणि तो सकाळी उठून डबा घेऊन कामावर जातो.

"ते जे सांडतं ना," वन्सं म्हणाल्या, "ते रक्तात येतं. तेच आपण मोजलं."

यानंतर लीलाताईंनी त्या रुग्णांची नव्यानं, नीट तपासणी केली. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, स्कॅन काढून जाणकारांना दाखवले, कोण किती वर्षं दगडावर आहे ते विचारलं. ज्यांच्यात क्षय नाही असं पक्कं ठरलं, त्यांतल्या एकाला ते सांगायला त्या जाणार होत्या. वन्सं म्हणाल्या, मीही येते. गाडी मी चालवली.

गाव खदानीला लागूनच होतं. झाडांची पानंसुद्धा फिकट गुलाबी, धुळीनं. मातादीनचं घर शोधायला लागलं नाही. खोकला ऐकू येत होता. माणूस अभिरामच्याच वयाचा, पण त्याच्या हाडांचा सांगाडा सदऱ्यातून दिसत होता. त्याची खाट घराबाहेर, छपरीखाली होती. खाटेजवळ त्याची वेगळी थाळी, वेगळा लोटा. घर आणि छपरीच्या मध्ये ओळीनं विटा मांडल्या होत्या, आणि विटांच्या पलीकडे दारात त्याचा नातू बसला होता, दीड-दोन वर्षांचा. आजोबा खोकले की तो टाळ्या वाजवायचा. त्याला तो खेळ वाटत होता.

मातादीननं क्षयाची औषधं तीनदा पुरी केली होती. बायको रामकलीनं आम्हाला बसायला वेताचे मोढे दिले आणि स्वतः विटांच्या ओळीवरच उभी राहिली.

लीलाताईंनी काही लपवलं नाही. हा दगडाचा आजार आहे, छातीत जे बसलंय ते आता निघणार नाही, पण खदानीत पुन्हा पाऊल टाकलं नाही तर वाढायचं कमी होईल, असं त्यांनी सांगितलं. दम लागतो त्यावर औषध देऊ म्हणाल्या. मातादीन मान हलवत ऐकत होता, जसा माणूस आधीच ठाऊक असलेलं ऐकतो. मग लीलाताई म्हणाल्या, "टीबी नहीं है तुम्हें. यह बीमारी किसी को लगती नहीं."

त्याची मान थांबली. "किसी को नहीं?"

"किसी को नहीं."

मग विटांच्या पलीकडे बघत त्यानं विचारलं, "तो मैं बच्चे को गोद में ले लूँ?"

लीलाताईंनी होकार दिला. मातादीन उठला नाही. त्याला धीर झाला नसावा. रामकलीनं वाकून मुलाला उचललं, विटांवरून पाय टाकला आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मुलगा त्याच्या मिशा ओढायला लागला. मातादीननं दोन्ही हात हवेतच धरले होते. मग हळूहळू ते मुलाच्या पाठीवर टेकले.

वन्सं तोंड फिरवून झाडाकडे बघत उभ्या राहिल्या.

परत येताना किल्ला दिसायला लागला आणि मी गाडी कडेला घेतली. रोज बघते मी तो. त्या दिवशी मला त्याच्या भिंतीत हात दिसले. आमचे चौक, जाळ्या, कमानी, गोरखीतल्या पायऱ्या, अख्खं शहर याच दगडातून कापून काढलंय, आणि कापताना उडालेली धूळ कुणीतरी आत घेतली. शेकडो वर्षं. त्या सगळ्यांच्या छातीत ते हिरवं प्रोटीन धावत होतं, शिवत होतं, हरत होतं. कुणालाही न सांगता.

"कामावर तर ते होतंच गं," वन्सं म्हणाल्या. "आपणच विचारलं नव्हतं."

विक्रमसिंहांना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले आणि उभेच राहिले. खिडकीपाशी गेले. "आता हा उपयोग आहे," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "पद्माताई, हा उपयोग मी कुणापुढेही मांडीन."

पुरा अर्ज गेला तो प्रोटीनचा नव्हताच. बोटातल्या थेंबभर रक्तात जी-नऊ ओळखणाऱ्या पट्टीचा होता. पट्टीवर वन्संनी बनवलेला, जी-नऊलाच चिकटणारा पदार्थ. पुढे पेटंट कार्यालयाची सुनावणी झाली, कॉम्प्युटरवरूनच. वन्संनी त्यासाठी आईची इरकली साडी नेसली. मी पडद्याबाहेर, दाराशी बसले होते.

परीक्षक मोजकं बोलणारे होते. कोळशाच्या धुळीनं, चुलीच्या धुरानं, पिठाच्या गिरणीतल्या पिठानं हे वाढतं का, असं त्यांनी विचारलं. वन्संनी ते सगळं तपासून ठेवलं होतं, वाढत नव्हतं. मग परीक्षकांनी खरा प्रश्न टाकला. एकाच माणसाला क्षयही असू शकतो आणि दगडाचा आजारही. मग ही पट्टी काय सांगणार?

विक्रमसिंहांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण वन्सं आधी बोलल्या. "ही पट्टी फक्त दगडाबद्दल बोलते, साहेब. क्षयाबद्दल ती गप्प राहते. क्षय आहे की नाही ते थुंकीला विचारायचं. आजवर दगडाबद्दल बोलणारं रक्तात कुणीच नव्हतं, म्हणून सगळं क्षयाच्या नावावर जात होतं."

परीक्षकांनी क्षणभर वर पाहिलं. मग खाली बघून लिहायला लागले.

पेटंट मिळालं, कॉलेजच्या आणि वन्संच्या नावावर. दाल बाज़ारातून विक्रमसिंह स्वतः मिठाई घेऊन आले आणि वन्संच्या वडिलांच्या, म्हणजे शरच्चंद्र मुळ्यांच्या, फोटोला नमस्कार करून गेले. मातादीन तोवर नव्हता. पण तो घरात, आपल्या माणसांत गेला. विटांची ओळ रामकलीनं आम्ही गेलो होतो त्याच संध्याकाळी काढून टाकली होती, असं तिनं आम्हाला नंतर सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात एका खदानीवर तपासणीचं शिबिर होतं. पट्ट्या वापरायला आल्या होत्या. गुड्डी नावाची एक तरुण कामगार पुढे आली. चांगली धडधाकट, डोक्यावर ओढणी बांधलेली, हसतमुख. तिला खोकला नव्हता, दम लागत नव्हता. मैत्रिणी आल्या म्हणून तीही आली होती. तिनं बोट पुढे केलं. पट्टीवर आधी काहीच दिसेना. मग अगदी फिकट, उन्हात तिरकी धरली तरच दिसावी अशी, एक रेघ उमटली.

लीलाताईंनी तिला बाजूला बसवून समजावलं. अजून काहीही बिघडलेलं नाही, फक्त सुरुवात आहे, दगडाचं काम आत्ता सोडलंस तर पुष्कळ वाचेल, दुसरं काम मिळवून द्यायला आम्ही मदत करू. गुड्डी ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "यह मेरे अंदर से आया?" तिनं विचारलं.

"हाँ," वन्सं म्हणाल्या. त्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या, या वयात, त्या धुळीत. "तुम्हारे ही अंदर से. कब से बता रहा था."

गुड्डीनं आपल्या छातीवर हात ठेवला, आत कुणी राहत असावं तसा, आणि ऐकत राहिली.